पूर्वज कोणाच्या वहीत सापडतात

घराण्याचा शोध घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी जनगणनेबद्दल विचारतो. १८८१ साली सगळ्या हिंदुस्थानची एकाच वेळी शिरगणती झाली, हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. मग त्या शिरगणतीत आमच्या खापरपणजोबांचे पान कुठे बघायला मिळेल? प्रश्न रास्त आहे. लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेल्या भाच्याने तिथल्या शेजाऱ्याची पाच पिढ्यांची वंशावळ संगणकावर बघितलेली असते. इंग्लंडात १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरातल्या माणसांची नावे आहेत आणि शंभर वर्षे उलटली की ती पाने लोकांना खुली होतात. १९२१ ची पाने २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. अमेरिकेत त्यासाठी ७२ वर्षे थांबावे लागते. मग आपल्याकडेच अडचण काय?

अडचण ही, की आपल्याकडे ती पाने उरलेलीच नाहीत. १७ फेब्रुवारी १८८१ ची रात्र धरून घरोघरचे जे तक्ते भरले गेले, त्यांवरून बेरजा निघाल्या, बेरजांची कोष्टके छापली गेली आणि काम झाल्यावर मूळ तक्ते निकालात निघाले. पुढच्या शिरगणत्यांतही हाच शिरस्ता राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे शिरगणतीत लिहिलेली कोणाची व्यक्तिगत माहिती दुसऱ्याला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे जुने तक्ते नष्ट झाले आणि नव्यांना कुलूप लागले.

हे ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. हे पुस्तक लिहिले ते त्यांच्यासाठी. शिरगणती करणाऱ्या सरकारला आकडा हवा होता. आकडा मिळाल्यावर नावाची गरज संपली. नाव कोणी जपले? ज्याला त्या माणसाकडून काही घ्यायचे होते त्याने. सारा घ्यायचा होता त्याने जपले, घरपट्टी वसूल करायची होती त्याने जपले, वेठीला धरायचे होते, दक्षिणा घ्यायची होती, पलटणीत भरती करायची होती, तुरुंगात टाकायचे होते, त्या प्रत्येकाने आपल्या वहीत नाव लिहून ठेवले. म्हणून ‘माझ्या पूर्वजाचे नाव कोणत्या जनगणनेत आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या पूर्वजावर कोणाचा हक्क होता, कोणाचे येणे होते’ असे विचारावे. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हा एकच विचार आहे.

तरीही जनगणनेच्या छापील अहवालांकडे पाठ फिरवू नये. नाव मिळाले नाही तरी त्या काळचे गाव त्यात मिळते. मुंबई शहराची पहिली शिरगणती १८६४ सालची. तेव्हा शहरात ८,१६,५६२ माणसे भरली. आठ वर्षांनी, १८७२ साली, हाच आकडा ६,४४,४०५ वर उतरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा कोकणातून आणि देशावरून माणूस मुंबईत लोटला होता. युद्ध संपले, पेढ्या बुडाल्या, आणि आलेली माणसे परतली. आपले कोणी पूर्वज ‘मुंबईला जाऊन परत आले’ एवढीच आठवण घरात असेल, तर या दोन आकड्यांमध्ये त्या आठवणीचा अर्थ लागू शकतो. जन्मस्थानाची कोष्टकेही अशीच उपयोगी आहेत. १९२१ साली दर पाच मुंबईकरांपैकी चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. म्हणून ज्यांचे घराणे ‘पहिल्यापासून गिरगावातले’ आहे त्यांनी एकदा तरी कोकणातल्या एखाद्या तालुक्याचा नकाशा समोर ठेवावा. अहवालांतल्या वयांवर मात्र फार विसंबू नये. त्या काळी वय अंदाजाने सांगत, त्यामुळे तीस, चाळीस, पन्नास वर्षांच्या माणसांची गर्दी दिसते आणि एकोणचाळीस वर्षांचा माणूस हुडकावा लागतो.

नावे असलेल्या याद्या हव्या असतील तर इंग्रजांच्याही मागे जावे लागते. पेशवाईत खानेसुमारी होत असे, म्हणजे घरांची मोजणी. ती सगळ्या मुलखाची एकदम होत नसे. एखाद्या कसब्याची, पेठेची, परगण्याची, गरज पडेल तेव्हा होई. गरज बहुतेक वेळा घरपट्टीची नाहीतर मोहतर्फ्याची, म्हणजे धंद्यावरच्या कराची, असे. कारकून आळीआळीने फिरत आणि घरधन्याचे नाव, जात किंवा धंदा, घर एक की दोन, असे लिहीत जात. काही खानेसुमाऱ्यांत बायका, पोरे आणि गुरेही मोजलेली आहेत. इतिहासकार सुमित गुहा यांनी या कागदांवर लिहिले आहे. माणसांना जातवार मोजणे हे इंग्रजांनीच आणले, या समजाला त्या लेखनाने चांगलाच धक्का बसतो. आपल्याला त्या वादात शिरायचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की पट्टी माफ असलेली घरे अशा यादीतून गळण्याचा संभव असतो. पूर्वज सापडला नाही म्हणून तो त्या गावात नव्हता असे होत नाही. कदाचित त्याला पट्टी माफ असेल.

हे कागद मुख्यतः पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. त्याला आजही सगळे पेशवे दफ्तरच म्हणतात. कागद रुमालांत बांधलेले, रुमालात पुडकी, पुडक्यात सुटे बंद. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले, पण त्यात भर राजकारणावर आहे. लढाया, तह, सरदारांची पत्रे. ज्यांचे पूर्वज सरदार नव्हते, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी, छापील खंड बाजूला ठेवून गावांच्या आणि परगण्यांच्या रुमालांकडे वळावे. तिथे जायचे तर मोडी वाचता यायलाच हवी. पुरालेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडीचे वर्ग चालवले आहेत. अक्षर ओळखायला फार दिवस लागत नाहीत. एकेका कारकुनाची लपेट ओळखायला मात्र लागतात.

अक्षर लागले तरी तारीख अडवते. समजा बंदाच्या शेवटी लिहिले आहे, ‘सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ, छ. ११ साबान’. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा मंत्र वाटतो. प्रत्यक्षात ते अरबी आकडे अक्षरांत लिहिले आहेत. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण सुहूर सन ११७२. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून मृगानंतरच्या महिन्यांना ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. तेव्हा हा कागद १७७१ च्या नोव्हेंबरातला ठरतो. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शक असेल तर ७८ किंवा ७९. ही बेरीज चुकली तर बाप मुलाच्या नंतर जन्मतो. अशा वंशावळी छापलेल्याही आहेत!

पेशवाईतल्या गावकीच्या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो थळझाडा. गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या, घराण्याचे नाव असे. ते घराणे निर्वंश झाले, परागंदा झाले, जमीन दुसऱ्याच्या ताब्यात गेली, तरी थळाचे नाव बदलत नसे. अशा नाहीशा झालेल्या घराण्याच्या जमिनीला गतकुळ म्हणत. पुण्याजवळच्या लोणीची पाहणी डॉक्टर थॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास लिहून ठेवली, त्यात या थळांचे वर्णन आहे. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये त्याच गावात, म्हणजे लोणीकंदला, गेले आणि सव्वाशे वर्षांत काय बदलले यावर १९६० साली त्यांनी पुस्तक लिहिले. ज्यांच्या घरात ‘आम्ही मूळचे अमुक गावचे, दुष्काळात निघालो’ अशी आठवण आहे, त्यांनी त्या मूळ गावच्या थळझाड्यात आपले आडनाव शोधावे. माणूस दोनशे वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला असतो, आणि जमिनीवर त्याचे नाव तसेच असते.

वतनाचा तंटा झाला असेल तर आणखी चांगले. (पूर्वजांच्या भांडणाने आनंद व्हावा असा हा एकच उद्योग.) तंटा गोतसभेसमोर येई, दोन्ही बाजू आपापला करीना लिहून देत. आमचा मूळ पुरुष अमका, त्याला लेक इतके, थोरल्याचा वंश असा, धाकटा अमक्या स्वारीत पडला, मग भावाने वतन दाबले, अशी चार-पाच पिढ्यांची हकिकत त्यात ओघाने येते. निवाड्याच्या महजरावर पाटील आणि बलुतेदार यांच्या साक्षी असतात. लिहिता न येणाऱ्याची निशाणी असते, कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. मिरासपत्रांतही असेच साक्षीदार सापडतात. बलुतेदार घराण्यांनी हे कागद आवर्जून पाहावेत. वतन दुसऱ्याचे असले तरी साक्षीला आपला पूर्वज उभा असण्याची शक्यता बरीच असते. फक्त करीना हे फिर्यादीचे बोलणे आहे याचे भान सुटू देऊ नये. वतन आपलेच असल्याचे सिद्ध करायला निघालेला माणूस मूळ पुरुष शिवाजीमहाराजांच्या काळापर्यंत नेणारच.

थळांची नावे सोडली तर या कागदांत आडनाव क्वचित भेटते. ‘राणोजी बिन सटवाजी’ असे लिहिलेले असते. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचे नाव आले तर ‘सखू कोम राणोजी’, म्हणजे राणोजीची बायको किंवा विधवा. काही ठिकाणी ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचे नाव येते. जोडीला हुद्दा, धंदा किंवा गाव. आज जे आडनाव अभिमानाने लावले जाते ते दोन पिढ्या मागे गेले की बऱ्याचदा विरते. एकाच घरातला एक भाऊ नोकरीसाठी पुण्याला आला आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावून बसला, गावात राहिलेला भाऊ पाटील राहिला. म्हणून शोध आडनावावरून न करता गाव आणि बापाचे नाव यांच्या जोडीवरून करावा. एका गावात राणोजी चार असतील, पण सटवाजीचा राणोजी बहुधा एकच असतो.

इंग्रजी अमलात गावचे दप्तर वाढत गेले. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू झाली, पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंद आली. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे सगळे त्यातून उभे राहिले. पण घराण्याच्या शोधात यांच्याहून अधिक उपयोगी पडतो तो गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूचे रजिस्टर. तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्याला अजून कोतवाल बुक म्हणतात. ज्या तालुक्यांत ते टिकले आहे, तिथे त्याच्यासारखा दस्त नाही.

हे रजिस्टर उघडल्यावर नव्या माणसाचा पहिला विरस होतो तो जन्माच्या रकान्यात. मुलाचे नाव बहुतेक ठिकाणी नसतेच. तारीख, बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढेच. आईचे नावही कमीच. बारसे व्हायच्या आत नोंद झालेली, मग नाव कुठून येणार? तेव्हा आजोबांच्या जन्माची नोंद म्हणजे ‘गणू बिन धोंडू, मुलगा’ अशी एक ओळ असते, आणि ती आजोबांची की त्यांच्या भावाची हे बाकीच्या तारखा जुळवून ठरवावे लागते. मृत्यूच्या रकान्यात नाव असते, वय असते, कारण असते. कारण बहुतेक ‘ताप’. एखादे रजिस्टर हाती आले तर १९१८ चा ऑक्टोबर अवश्य पाहावा. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस. एरवी महिन्याला पाच-सात नोंदी असलेल्या गावात पानामागून पाने मृत्यूंनी भरलेली दिसतात, एकाच बापाचे नाव आठवड्यात दोनदा-तीनदा येते, पहिल्यांदा लेकराच्या मृत्यूत, मग बायकोच्या. घरात सांगत आलेले असते की आजोबांना सावत्र आई होती. ती का आली, हे त्या पानावर कळते.

या रजिस्टरांकडे लोकांचे लक्ष वळले ते मात्र वंशावळीच्या आवडीपायी नव्हे. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. त्या पुराव्यासाठी महाराष्ट्रातली लाखो कुटुंबे आजोबा-पणजोबांचे कागद शोधत असतात. आपल्याकडचे सर्वांत मोठे घराणे-संशोधन हेच, आणि ते हौसेने नव्हे, गरजेने चालते. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. त्या वेळी कुठकुठले दस्त तपासायचे याची जी यादी सरकारने केली ती मुळातून वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर हे तर होतेच, पण ताडीची नोंदवही होती, कच्च्या कैद्यांची नोंदवही होती, अटक पंचनामे होते, भाडेचिठ्ठी, बटाईपत्रक, दत्तकविधान पत्रक होते. आपला पूर्वज या सगळ्यांपैकी कुठेही सापडू शकतो, हे सरकारनेच कबूल केले. माझ्या मते घराण्याच्या शोधाची याहून चांगली मार्गदर्शिका मराठीत आजवर कोणी लिहिलेली नाही.

त्या यादीत आणखी एक नाव आहे, १९५१ च्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरचे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी माणसांची नावे घरवार एका वेगळ्या रजिस्टरात उतरवून घेतली होती. आसामात पुढे त्याचे काय राजकारण झाले ते सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे त्याच्याकडे कोणी फिरकले नाही, आणि ज्या तहसिलीत वाळवीने दया दाखवली तिथे ते पडून राहिले. जनगणनेतले नाव पाहायचेच अशी ज्यांची हौस आहे, त्यांना ते इथेच भेटण्याचा संभव आहे.

पुराव्याला किंमत आली की खोटेपणाही येतो. जुन्या रजिस्टरात वेगळ्या शाईने घातलेले शब्द, खोडून केलेली जात, दोन ओळींच्या मध्ये घुसवलेली तिसरी ओळ, हे सगळे पाहायला मिळते. दुसरीकडे ‘कुणबी’ऐवजी ‘कु.’ असे एकच अक्षर लिहून पुढे सरकलेल्या कारकुनाने पुढच्या पिढ्यांना वकिलांच्या दारात उभे केले आहे. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी दिलेली आहे असे बिनदिक्कत समजावे. शाळा जूनमध्ये उघडत, आणि मुलाच्या वयाची वर्षे त्या तारखेला बरोबर भरत. महाराष्ट्रात एका पिढीतली निम्मी माणसे १ जूनला जन्मली असावीत असे वाटण्याइतकी ही तारीख सर्वत्र आहे.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचे काय? कागद जमिनीमागे जातो, त्यामुळे भूमिहीनांचा शोध कठीण असतो हे खरे, पण अशक्य नसतो. महार वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, कागदोपत्री आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या मराठा पलटणींतल्या शिपायांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहे. त्यातल्या कितीतरी नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे, आणि ही यादी घरबसल्या पाहता येते. सर्वांत विषण्ण करणारी नोंद विमुक्त जमातींची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलेल्या माणसांची हजेरी होई, नाव, बापाचे नाव, शरीरावरची खूण, बोटांचे ठसे सगळे लिहून घेतले जाई. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. ज्यांना राज्याने माणूस मानले नाही त्यांची नोंद राज्याने सर्वांत काटेकोर ठेवली.

देवाधर्माच्या वह्यांचा आधार सर्व जातींना आहे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हा महाराष्ट्रातला मोठा ठेवा. यात्रेकरू आला की गाव, कूळ, बाप, आजा, भाऊ, मुले लिहून घेतली जात आणि लिहिता येत असेल तर तो स्वतःच्या हाताने लिही. पणजोबांचे अक्षर पाहायला मिळण्याची जागा बहुतेकांना हीच. गाव सांगितल्याशिवाय उपाध्याय वही उघडत नाहीत, कारण वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात. आणि वही बघून झाल्यावर आपलीही नोंद करावी लागते, दक्षिणेसह. त्यांचा हक्क आहे तो.

गोव्यात शोधाची वाट वेगळी. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची पुस्तके असतात. गावकरी घराण्यांसाठी, मग ती हिंदू असोत की ख्रिस्ती, कोमुनिदादीचे कागद. गावकीच्या उत्पन्नातला वाटा, म्हणजे जोण, घेणाऱ्यांची नावे तिथे लिहिली जात, आणि जोण बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे त्या वह्यांतून वंशावळ आपोआप तयार होते. पणजीच्या पुरालेखागारात यातले पुष्कळ आहे. पोर्तुगीज येत नसेल तर नातेवाइकांत एखादी जुन्या शाळेत शिकलेली मावशी शोधावी. त्या मावश्या आता कमी होत चालल्या आहेत, म्हणून हे काम आधी करावे.

मॉरिशसच्या मराठी माणसाची गोष्ट इथल्या माणसाच्या उलट आहे. त्याचा पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटावर गेला तेव्हा जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, बापाचे नाव, गाव असे सगळे लिहिले गेले, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती रजिस्टरे जपलेली आहेत. पण गावाचे नाव इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाने ऐकून लिहिले. रत्नागिरीतले गाव त्या स्पेलिंगमधून ओळखणे हा खेळ चिपळूणच्या माणसाला जमतो, पोर्ट लुईच्या माणसाला जमत नाही. पूर्वजाचे पाळण्यातले नावच पुढे सगळ्यांचे आडनाव झालेले असते, त्यामुळे आडनावाचाही उपयोग नाही. तिथून पत्र आले तर इथल्या वाचकाने त्याला हात द्यावा.

कुलवृत्तांतांबद्दल थोडे लिहायला हवे, कारण ज्यांच्या घरात तो आहे ते कपाटातून काढून दाखवतात आणि शोध संपला असे मानतात. विसाव्या शतकात मराठीत कुलवृत्तांत पुष्कळ निघाले, विशेषतः ब्राह्मण घराण्यांचे. कष्टाने केलेली कामे आहेत ती. पण त्यांतला वंशवृक्ष पुरुषांचा आहे. सुना येतात त्या सासरच्या नावाने, लेकी जातात त्या ‘अमक्यांना दिली’ एवढ्या शब्दांत. लेकींचा माग काढायचा तर कुलवृत्तांत बंद करून फेरफार उघडावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसनोंदीत मुलींची नावे येऊ लागली, सासरच्या नावासह. आणि सगळ्या बहिणी एका कागदावर एकत्र भेटतात तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. भावासाठी जमिनीवर पाणी सोडताना प्रत्येकीने आपले नाव, नवऱ्याचे नाव, गाव आणि वय लिहिले, खाली सही किंवा अंगठा केला. आत्यांच्या पत्त्यांची यादी हवी असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे.

शोधाला सुरुवात मात्र कचेरीत करू नये. घरातली सर्वांत म्हातारी बाई आधी गाठावी आणि तिला वंशावळ न विचारता लग्ने विचारावीत. कोणाच्या लग्नाला कोण आले, कोण रुसले, मानपान कोणाचा चुकला, यातून जेवढी नाती बाहेर पडतात तेवढी सरळ विचारून पडत नाहीत. मग माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढावीत. त्यांवर नाव कोरलेले असते, पुष्कळदा तारीख आणि निमित्तही: अमक्याच्या मुंजीत तमक्याकडून. भांडे वाटणीत कोणाकडे गेले यावरून घर कसे फुटले तेही कळते. कुलदैवत, देवक, सोयरसुतक कोणाचे पाळतो, कोणाचे पाळत नाही, हे लिहून घ्यावे. सुतक जिथे संपते तिथे भाऊबंदकीची जुनी सीमा असते, आणि ती कुठल्याही रजिस्टरात लिहिलेली नसते.

एवढे झाल्यावर पुढची प्रकरणे उपयोगी पडतील. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांचे दप्तर वेगवेगळे ठेवले आहे, कारण तीन राज्यकर्त्यांच्या तीन पद्धती होत्या आणि पुण्याच्या माणसाला ओळखीचा असलेला नमुना परभणीत त्या नावाने मिळत नाही. मराठवाड्यासाठी उर्दू वाचणारा सोबत हवा. नक्कल मागताना रजिस्टरचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक टिपून घ्यावा, आणि फक्त आपल्या ओळीची नव्हे, शक्य तर पूर्ण पानाची नक्कल घ्यावी. शेजारच्या ओळीत चुलता निघतो. अर्ज मार्चमध्ये करू नये, तेव्हा महसूल खाते वसुलीत गुंतलेले असते. जूनमध्येही नको, तेव्हा शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची झुंबड उडालेली असते. दिवाळी उरकल्यावर जावे. तेव्हा अभिलेख कक्षाचा कारकून थोडा मोकळा असतो, आणि रुमाल सोडताना कोणाचे गाव कुठले हे विचारायला त्यालाही वेळ असतो.